चाकांवरचं घर घेण्याआधी रात्रीचा विचार

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण बोलणार आहोत राहण्याच्या गाडीबद्दल. ज्या गाडीत झोपता येतं, कपडे बदलता येतात, पाणी साठवता येतं, अशी गाडी. तिला कॅराव्हॅन म्हणतात, आणि आपल्याला ती दिसते ती सिनेमावाल्यांची नाहीतर हायवेवरून गोव्याकडे पळणारी. हौसेची वस्तू, असंच आपण समजतो. पण कासू, नागोठणे, वडखळ या पट्ट्यात गटांच्या बैठकांमधून हा प्रश्न आमच्यापुढे हल्ली पुन्हा पुन्हा येतो आहे, आणि तो हौसेपोटी नाही.

प्रश्न येतो जत्रेमुळे. साजगावला कार्तिकी एकादशीला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते, ती पंधरवडाभर चालते. चौलला दत्तजयंतीपासून पाच दिवस. पालीला माघी गणपतीची यात्रा. शिवाय मुंबई-पुण्याची प्रदर्शनं. आपल्या बायका पापड, मिरगुंडं, पोहे, मसाला, सुकी मासळी घेऊन जातात. दिवसा धंदा चांगला होतो. पण रात्री? माल सोडून घरी येता येत नाही. लॉज परवडत नाही, आणि परवडला तरी जत्रेच्या दिवसांत मिळत नाही. मग टेबलाखाली ताडपत्री अंथरायची, उशाशी गल्ल्याची पिशवी घ्यायची आणि एकीने जागायचं. संध्याकाळी चारनंतर पाणी पिणं बंद करायचं, कारण रात्री जायचं कुठे? ज्या जणी हे करतात त्यांना सांगायला नको. लघवीची जळजळ घेऊन जत्रेहून परत आलेल्या बायका प्रत्येक गटात आहेत.

म्हणून कुणीतरी म्हणतं, जुना टेम्पो घेऊ, आत फळ्या ठोकू, पडदा लावू, झालं आपलं फिरतं घर. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. गाडी हे गटाच्या बचतीतून किंवा कर्जातून घेतलं जाणारं सगळ्यात महाग सामान. पहिल्यांदा घेणारी माणसं गाडीचा रंग बघतात, पलंग बघतात, पडदे बघतात. आमचं म्हणणं असं, की गाडी बघायच्या आधी रात्र बघा. ती गाडी रात्री कुठे उभी राहणार, संडास कुठला वापरणार, पाणी कुठून येणार आणि आत हवा कशी खेळणार, एवढं ठरलं की कुठली गाडी घ्यायची ते बरंचसं आपोआप ठरतं.

आपल्याकडे गाडीबरोबर महिनोन्महिने राहणारी माणसं काही नवीन नाहीत. तमाशाचे फड घ्या. दसऱ्याला बाहेर पडले की उन्हाळ्यातल्या यात्रा संपेपर्यंत गावोगाव फिरतात. नारायणगावला राहुट्या टाकून सुपाऱ्या घेतात. मोठ्या फडाबरोबर शंभराच्या आसपास माणसं असतात, त्यांत बायका आणि त्यांची लेकरंही. ट्रक त्यांचे स्वतःचे असतात. पण नीट बघितलं तर ट्रक असतो सामानासाठी आणि प्रवासासाठी, मुक्काम मात्र राहुटीत. पंढरीच्या वारीतही तेच. दिंडीचा ट्रक भांडी, शिधा, वळकट्या वाहतो, बरोबर पाण्याचा टँकर असतो, आणि झोपायला तंबू. पिढ्यान् पिढ्या रस्त्यावर राहिलेल्या या माणसांनी वाहन आणि मुक्काम वेगळे ठेवले, त्यामागे शहाणपण आहे. पत्र्याचा डबा दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत निवत नाही. दहा माणसं त्यात झोपूच शकत नाहीत. तंबू हलका, स्वस्त, आणि फाटला तर शिवता येतो. वारीत अलीकडे निर्मलवारीमुळे मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं उभी राहतात, आणि बायकांची खरी सोय झाली ती त्यांनी. झोपायची जागा काय, कुठेही निघते.

अमेरिकेत बरीच माणसं बारा महिने गाडीत राहतात. काही हौसेने, काही घरभाडं परवडत नाही म्हणून. पण तिकडे अशा गाड्या उभ्या करायला जागा भाड्याने मिळते. त्या जागेवर नळ असतो, विजेचा खटका असतो आणि गाडीतला मैला सोडायला गटाराचं तोंड असतं. म्हणजे गाडी हे अर्धं घर, उरलेलं अर्धं त्या जागेत. आपल्या महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातही गाडीबरोबर कॅराव्हॅन पार्कचा विचार आहे. पण जत्रेच्या माळावर तुम्हाला असा पार्क मिळणार नाही. तिथे उरलेलं अर्धं घर आपलं आपल्यालाच जमवायचं आहे.

ते जमवायचं कसं? जत्रेच्या आधी एखादी दुपार काढून दोघी जणींनी त्या गावी जाऊन यावं. जवळच्या कुणाच्या अंगणात गाडी उभी करता येईल का? त्या घरचा संडास आणि नळ रोजच्या ठरलेल्या पैशांत वापरायला मिळेल का? तिथल्या बचत गटाची ओळख काढा. गट गावोगाव आहेत, आणि आपल्यासारखीच बाई दार उघडते. हायवेचा ढाबा किंवा पेट्रोल पंप रात्री उजेडाचा असतो हे खरं, पण तिथे ट्रक येतजात असतात, झोप लागत नाही. आडोशाला, अंधारात, ओढ्याकाठी तर गाडी उभी करूच नये. सरकारी प्रदर्शन असेल तर मुक्कामाची सोय बहुधा आयोजकच करतात, तेव्हा आधी तेवढं विचारा. एवढी विचारपूस केल्यावर कदाचित कळेल की गाडीची गरजच नाही. तसं झालं तर उत्तमच.

आता गाडी लागणारच असं धरू. तीन प्रकार समोर येतात.

पहिला, मालाचा छोटा टेम्पो किंवा पिकअप. छोटा हत्ती, बोलेरो पिकअप वगैरे. दिवसा माल, रात्री मोकळ्या हौद्यात झोप. दुसरा, ट्रॅव्हलर किंवा विंगरसारखी प्रवासी गाडी. पुण्याच्या कंपनीची ट्रॅव्हलर आपल्याकडे वऱ्हाडाची गाडी म्हणून माहीत आहे. आपल्या देशात कॅराव्हॅन बनवणारे बरेच जण हीच गाडी घेऊन आतून बदलतात. तिसरा, तयार कॅराव्हॅन, आत ओटा, संडास, पलंग सगळं बसवलेली. ती गटाच्या आवाक्याबाहेरची. चार जणींनी मिळून पर्यटनाचा धंदा म्हणून घेतली तर वेगळी गोष्ट. त्यासाठी राज्याचं ‘आई’ हे महिलांचं पर्यटन धोरण २०२३ पासून आहे. पर्यटन व्यवसायाच्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज त्यात परत मिळण्याची तरतूद आहे. पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात त्याची चौकशी करा. आजचा विषय तो नाही.

बहुतेक जणी पहिल्या प्रकाराकडे वळतात, म्हणून त्यावर जास्त बोलू.

सगळ्यात आधी वजन. छोट्या टेम्पोची मालाची ताकद साधारण पाऊण टन, म्हणजे ७५० किलो धरा. त्यात प्लायवूडचे पलंग आणि कपाट पक्के बसवले तर २०० किलो सहज जातात. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बॅटरी ४५. छोटा सिलिंडर आणि शेगडी १५. भांडी, कपडे, अंथरुणं ९०. झाले ४५० किलो. मालाला उरले ३००. ज्या मालासाठी गाडी घेतली, त्यालाच निम्म्याहून कमी जागा! जादा भरलं तर चढाला गाडी ओढत नाही, उताराला ब्रेक लागत नाही. म्हणून सुतार जितकं लाकूड सुचवेल त्याच्या निम्मं लावा. लोखंडी चौकटीच्या घडीच्या खाटा आणि गाद्या पुरतात.

इथे एक कायद्याची बाबही येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवलेल्या गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. घडीची खाट, गादी, पाण्याचा कॅन हे सुटं सामान आहे, ते आत ठेवलं म्हणून गाडी बदलत नाही. पण पत्रा कापून खिडकी काढली, सीट काढून पलंग बोल्टने बसवला, छत वाढवलं, की तो बदल झाला. आधी परवानगी आणि नंतर आरसी बुकात नोंद, दोन्ही लागतं. विनापरवाना बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि गाडी कागदावर एक, प्रत्यक्षात दुसरी निघाली, तर भरपाईवरून भांडण ठरलेलं. आपलं बरं आहे, एमएच ०६ चं आरटीओ कार्यालय पेणमध्येच आहे. सुताराला बोलवायच्या आधी तिथे जाऊन विचारा. गॅरेजवाला म्हणतो ‘सगळे करतात ताई’, ते ऐकू नका.

दुसरी कायद्याची बाब म्हणजे माणसं. मालाच्या गाडीत मागे हौद्यात माणसं बसवून न्यायची नाहीत. आपण लग्नाला, जत्रेला सर्रास जातो, पण ती गाडी उलटली की काय होतं हेही आपण बघितलं आहे. आरसीवर जितक्या सीट लिहिल्या आहेत तितक्याच जणी गाडीतून. बाकीच्या एसटीने. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. मुंबईकडे जायचं तर कासू स्टेशनवरून रेल्वे आहे. गाडी मालाची, प्रवास एसटीचा, आणि पोहोचल्यावर उभ्या गाडीत झोप. हा हिशेब स्वस्तही पडतो आणि जिवालाही धोका नाही.

आता दाराची गोष्ट. हे आम्ही दोनदा सांगणार आहोत. बंद हौद्याच्या टेम्पोला कडी बाहेरून असते, आतून नसते. तो माल ठेवायला बनवलेला डबा आहे, आत माणूस असेल हे बनवणाऱ्याने धरलेलंच नाही. कुणी बाहेरून कडी घातली, किंवा आग लागली, तर आतून उघडायला काही नाही. म्हणून पुन्हा सांगतो, आतून उघडणारं दार नसेल तर त्या गाडीत एक रात्रही झोपायचं नाही. दार आतून बंद करता आलं पाहिजे आणि अंधारात, झोपेत, चाचपडतसुद्धा उघडता आलं पाहिजे. एकच दार असेल तर दुसरीकडे माणूस निघेल एवढी खिडकी हवी.

हवेचंही तसंच. बायका भीतीने आणि डासांमुळे सगळं बंद करून झोपतात. समोरासमोर दोन झरोके हवेत, डोक्याच्या उंचीच्या वर, म्हणजे बाहेरून कुणाला डोकावता येणार नाही, आणि त्यांना जाळी हवी. गॅस बाहेर गळला तर तो वर जात नाही, हवेपेक्षा जड असल्याने खाली फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडर गाडीत ठेवायचाच असेल तर त्या कप्प्याला तळाशी भोक पाहिजे. आमच्या मते स्वयंपाक बाहेरच करावा. चहासुद्धा. गाडीबाहेर ताडपत्रीचा पडवीसारखा आडोसा काढला की ओटा तिथेच.

आणि विस्तव किंवा जनरेटर आत किंवा गाडीला चिकटून ठेवून झोपायचं नाही. थंडीत कोळशाची शेगडी आत घेतली, किंवा पंख्यासाठी इंजिन चालू ठेवलं, तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन जण असेच मृत सापडले. ती चांगली महागातली गाडी होती. जनरेटरचा धूर आत शिरला होता.

मग पंखा-दिवा चालवायचा कशावर? वेगळ्या बॅटरीवर, इंजिनाच्या नाही. नाहीतर सकाळी गाडी चालू होत नाही आणि धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. १२ व्होल्टची १५० अँपिअरची बॅटरी घेतली, तर तिच्यात कागदावर १,८०० वॅट-तास वीज मावते. साधी ॲसिडची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून वापरायला ९००. कमी वीज खाणारे २५ वॅटचे दोन पंखे रात्रभर आठ तास चालले तर ४०० जातात. ५ वॅटचे दोन दिवे पाच तास, ५० गेले. पाच मोबाइल धरले तर आणखी ७५. म्हणजे सव्वापाचशेत रात्र निघते. पण त्या बॅटरीवर मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायचं यंत्र असलं काही लावायचं नाही. दिवसा छतावरच्या सौर पाट्याने भरा, किंवा स्टॉलच्या विजेवर.

संडासाचं काय करायचं? गाडीत संडास बसवण्याच्या फंदात पडू नका. उचलून नेता येण्यासारखा पेटीचा संडास मिळतो, खालच्या टाकीत २० लिटरच्या आसपास मावतं. दोघी जणींना दोन-तीन दिवस. पाच जणी असतील तर रोज सकाळी ती टाकी नेऊन रिकामी करायची, तीही घरच्या किंवा सार्वजनिक संडासातच. शेतात किंवा ओढ्यात ओतली तर गावाचा शिव्याशाप घेऊन परतायची वेळ येईल, आणि तो बरोबरच असेल. ती पेटी रात्रीच्या लघवीपुरती ठेवली तर मात्र फार मोलाची. निव्वळ तेवढ्यासाठी बायका पाणी प्यायला लागतील. पाळीच्या दिवसांत पॅड टाकायला झाकणाचा वेगळा डबा ठेवा. पडद्याचा कोपरा असा हवा की एक जण आत कपडे बदलत असताना दुसरीला बाहेर जायची वेळ येऊ नये.

गाडीत चढायची पायरीसुद्धा बघा. हौदा कमरेएवढा उंच असतो. नऊवारी नेसलेली साठीची बाई रात्री दोनदा उतरणार-चढणार आहे. मजबूत, दोन पायऱ्यांची, सुटी शिडी आणि धरायला दांडा. आणि गाडी घेताना तुमच्यातल्या सगळ्यात उंच बाईला आत उभं करा. जत्रेचे पाच दिवस वाकून काढले तर कंबर पुढचे पंधरा दिवस उठू देत नाही.

पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या जणी जुनीच गाडी घेणार हे उघड आहे. जुनी गाडी दुपारच्या उन्हात बघायला जा. आत बसा, सगळी दारं लावून घ्या आणि गप्प पाच मिनिटं बघत राहा. जिथून उजेडाची रेघ येते तिथून आषाढात पाणी येणार. मग वरून बादल्यांनी पाणी मारायला सांगा. आपल्या कोकणच्या पावसाला छत टिकलं पाहिजे, दुकानदाराच्या शब्दाला पाऊस जुमानत नाही. खालून पान्याने चेसिसवर ठोका. खणखणीत आवाज यावा. भसभस आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर गंज आत गेला. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांना हा रोग हमखास.

पुरात बुडालेली गाडीही ओळखायला शिका. जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणला पूर आला तेव्हा किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण पाहिलं. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावात विकल्या जातात. सीटच्या खालच्या पट्ट्या गंजलेल्या, सीटखाली किंवा मॅटखाली सुकलेला गाळ, दिव्याच्या काचेत आतून पाण्याची रेघ, आणि आतला कुबट वास लपवायला भरपूर अत्तर. अत्तराचा वास आला की सावध. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा कोरीव शिक्का असतो, तो वाचता येतो. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी कितीही खोल दिसो, रबर म्हातारं झालेलं असतं.

कागदांत आरसी बुक, विमा, पीयूसी आणि मालाच्या गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र. गाडी आठ वर्षांपर्यंतची असेल तर फिटनेस दोन-दोन वर्षांनी, त्यानंतर दर वर्षी. गाडीवर आधीचं कर्ज आहे का ते आरसीवर दिसतं. कर्ज फिटलेलं असलं तरी बँकेचा बोजा उतरवल्याची नोंद लागते, त्याचा नमुना ३५. नाव बदलायला नमुना २९ आणि ३०, घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत. गाडी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर तिकडच्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, नमुना २८. विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस. जुना दंड किती थकला आहे ते गाडीचा नंबर टाकून परिवहन खात्याच्या ऑनलाइन सेवेत बघता येतं, गटातल्या शिकलेल्या मुलीला बघायला सांगा. सगळे पैसे नाव बदलायच्या आधी देऊन टाकू नका. आणि हो, ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला वेगळा परवाना लागतो का यावर वर्षानुवर्षं वाद होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ती चालवता येते. तेव्हा गटातल्या दोघींनी गाडी शिकून लायसन्स काढावं. ड्रायव्हर ठेवला तर तो झोपणार कुठे, हाही प्रश्न असतोच!

गाडी कुणाच्या नावावर घ्यायची, यावर गट फुटतात. बहुतेक बचत गट ही नोंदणी झालेली संस्था नसते. मग आरसी एका बाईच्या नावावर होते. पैसे दहा जणींचे, कागद एकीचा. तिला काही झालं तर कायद्याने गाडी तिच्या वारसांकडे जाते, गटाकडे नाही. तिच्या नवऱ्याने गाडी स्वतःच्या धंद्याला नेली तर अडवायला हातात काही नसतं. यासाठी गाडी घ्यायच्या आधी स्टँप पेपरवर करार करा. कुणाचे किती पैसे, वापर कोण कधी करणार, दुरुस्ती कशातून, गाडी विकली तर वाटणी कशी. तिच्या घरच्यांचीही सही घ्या. तुमच्या ग्रामसंघाची किंवा प्रभाग संघाची नोंदणी झालेली असेल तर गाडी संघाच्या नावावर होईल का ते आधी विचारा. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणणारी बाई चांगलीच असते, पण कागद मैत्री टिकवायलाच करायचा.

शेवटी पैसा. पाच लाखांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे ११,१०० रुपये. वर्षाला सव्वा लाखाच्या वर, एक लाख तेहतीस हजार. आता दुसरी बाजू. पाच जणी वर्षातल्या ४० रात्री बाहेर राहतात आणि प्रत्येकीला मुक्कामाला ३०० रुपये पडतात असं धरलं, तर ६०,००० वाचतील. वर्षात मालाच्या १२ खेपा होतात आणि भाड्याच्या टेम्पोला दर खेपेस ६,००० जातात असं धरलं, तर ७२,०००. मिळून १,३२,०००. म्हणजे हप्ता जेमतेम निघाला. डिझेल, विमा, टायर, फिटनेस, दुरुस्ती सगळं अंगावर. ४० रात्रींच्या ऐवजी १५ असतील तर हिशेबच नको. आणि गाडी म्हणजे जमीन नव्हे. विम्याच्या नियमाप्रमाणे नव्या गाडीची किंमत तिसऱ्या वर्षी ३० टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षी निम्म्याने कमी धरतात. म्हणून घर गहाण टाकून, दागिना मोडून, घरकुलाचा हप्ता वळवून गाडी घ्यायची नाही. गाडीला ग्रामपंचायतीचा उतारा नसतो, रेशन कार्डावर गाडीचा पत्ता चालत नाही. ती राहायची सोय आहे, घर नाही.

तुमचे आकडे वेगळे असतील. ते आमच्या आकड्यांच्या जागी घाला आणि बैठकीत मोठ्याने वाचा.

घेण्याआधी एकदा भाड्याने घ्या आणि दोन रात्री झोपून बघा. गावातच, अंगणात. सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत लाजाळू, अशा दोघींना झोपवा. किती वेळा उठल्या, कुठे डोकं आपटलं, पाणी किती लागलं, उकडलं का, कुणाची झोप झाली नाही, ते सकाळी लिहून काढा. ती वही गाडी विकणाऱ्यापुढे धरायची.

आमच्याकडच्या एका गटाने यंदा चौलच्या दत्तजत्रेला एवढंच ठरवलं आहे. पिकअप भाड्याचा, घडीच्या चार खाटा, एक जाड कापडाची राहुटी, रात्रीसाठी संडासाची पेटी एक. गाडी तिथल्या एका घराच्या अंगणात उभी राहील, त्या घरच्यांशी पाच दिवसांच्या संडास-पाण्याचे पैसे ठरले आहेत. राहुटीत तिघी, गाडीत मालाजवळ दोघी, दार आतून. खर्चाची वही सुरू झाली आहे. जत्रेनंतर त्यातले आकडे याच कार्यक्रमात वाचून दाखवू.